दाखल्यावरची सही

डोंबिवली, 24 मे

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर शाळेचा विषय निघाला की तू ‘बघू’ म्हणतोस आणि फोन आत्याकडे देतोस. म्हणून हे पत्र.

आधी माझी चूक सांगतो. नववीत तू गणित आणि विज्ञानात राहिलास, तेव्हा शाळेने मला बोलावून सांगितलं, ‘दाखला काढून घ्या, दहावी याला झेपणार नाही.’ ऑफिसबाहेर ‘100 टक्के निकाल’ असा मोठा फलक होता. तो निकाल कसा टिकवतात हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. तरी अर्जावर सही मी केली, आणि घरी येऊन वर तुलाच बोललो. त्याला आता वर्ष झालं. ‘पोराने शाळा सोडली’ असं आपण नातेवाइकांना सांगतो, ते अर्धंच खरं आहे.

तू वायरमनच्या हाताखाली काम करतोस याची मला लाज वाटत नाही. दिवाळीत घरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच, बदलताना तू आधी मेन स्विच बंद केलास, मग टेस्टर लावून पुन्हा खात्री केलीस, ते मी दारातून बघत होतो. आयटीआयला वायरमन ट्रेडसाठी आठवी चालते हे तुझं म्हणणंही बरोबर आहे. पण इलेक्ट्रिशियन ट्रेडला दहावी लागते, तीही गणित-विज्ञानासकट. पॉलिटेक्निकचं तर दहावीशिवाय नावच नको.

तुझा मित्र म्हणाला ते मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, मी बघितलं. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, एकदा नाव घातलं की पाच वर्षांत नऊ संधी. जमतील तसे एकेक विषय सोडवता येतात. गणिताऐवजी चित्रकला किंवा डेटा एंट्रीही घेता येते, आणि तिथेच मला तुझी भीती वाटते. गणित टाळून दहावी झालास तर इलेक्ट्रिशियनचं दार पुन्हा बंदच. दुसरा मार्ग सतरा नंबरच्या फॉर्मचा. बोर्ड तेच, प्रश्नपत्रिका तीच, फक्त रोज शाळेत जायचं नाही. पण रात्री नऊला दमून आल्यावर तू एकटा पुस्तक उघडशील? मी तर उघडलं नसतं.

गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात तुझे आजोबा. जूनमध्ये शाळेऐवजी मी लालबागच्या एका छापखान्यात जायला लागलो. छापून झालेल्या मजकुराचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, सोडवून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, हे काम. खिळ्यावरची अक्षरं उलटी असतात. वर्षभरात मी उलटं सरसर वाचायला लागलो, पण सुलटं लिहायची सवय मोडली.

तीन वर्षांनी, 1985 ला, रात्रशाळेत नाव घातलं. साडेसहा ते साडेनऊ. बाकं दिवसाच्या शाळेतल्या पोरांची, गुडघे वर यायचे. वहीच्या प्रत्येक पानावर माझ्या बोटांची शाई. शेजारी दोन मुलांचा बाप बसायचा. गणिताचे सर आठ वाजता दुसऱ्यांदा हजेरी घ्यायचे, कारण हॉटेलातली पोरं तेव्हाच सुटायची. कुणी डुलकी घेतली तर त्याला उठवायचे नाहीत, फक्त फळ्यावरचं उदाहरण पुसायचे नाहीत. जाग आली की उतरवून घ्यायचं. 1988 च्या मार्चमध्ये मी दहावी झालो, विसाव्या वर्षी. त्या कागदावरच बँकेत शिपाई म्हणून लागलो, पुढे क्लार्क झालो.

सगळ्यात वाईट असायची ती भूक. सातच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायचे आणि लक्ष सगळं तिकडेच. मुंबईत 2008 पासून मासूम नावाची संस्था रात्रशाळांतल्या मुलांना खायला देते, पुस्तकं देते. वाचलं तेव्हा वाटलं, ज्यांनी हे सुरू केलं त्यांना रात्रशाळा कळली.

तू राहतोस त्या पुण्यात बाजीराव रस्त्यावर पूना नाईट हायस्कूल आहे. शाळा उघडल्या की पहिल्या सोमवारी मी येतो, संध्याकाळी दोघं जाऊ. नववीत बसवतात की दहावीत, ते तिथेच विचारू. तुझ्या काकांशी, म्हणजे वायरमनशी, मी बोलतो. सहाला सोडायला ते नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणालेच तर पगारातले दोन तास कापू देत. नाहीच जमलं तर एनआयओएस आहेच, पण मग गणित सोडायचं नाही आणि पुस्तकं घेऊन दर रविवारी मी तिकडे येणार.

दाखला आईच्या पेटीत आहे, तो मी आणतो. या वेळी सही करायच्या आधी अर्ज नीट वाचेन. तू चार पासपोर्ट फोटो काढून ठेव. आत्या म्हणाली तुला मिशी फुटलीय, तेव्हा जुने चालायचे नाहीत.

तुझा,
बाबा