एका रात्रीसाठी छापलेला कागद

पॅरिस

ती. आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथं जुने कागद चिकटवायला शिकायचं तर इतक्या लांब कशाला जायचं?" आई हसली आणि विषय तिथंच राहिला. उत्तर जरा लांब आहे, म्हणून पत्र लिहिते. तुम्ही हँडबिलं छापण्यात जन्म काढलात, त्यामुळे यातलं निम्मं तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल.

सध्या जुने कागद जतन करण्याच्या आमच्या अभ्यासात नाटकाच्या कार्यक्रमपत्रिका चालू आहेत. १८९२-९३ च्या हंगामात छापलेल्या. चित्रकाराचं नाव आंरी-गाब्रिएल इबेल्स. १८६७ साली पॅरिसमध्ये जन्मला, म्हणजे ही चित्रं काढली तेव्हा पंचविशीत होता. बॉनार, व्युइलार वगैरे तरुण चित्रकारांच्या ज्या टोळक्याला 'नाबी' म्हणत, त्यातलाच हा एक. बाकीचे घरातल्या दिव्याखालची माणसं, बागा, देवधर्म रंगवत होते. याचं लक्ष रस्त्यावर: शिपाई, मजूर, सर्कशीतली माणसं, कॅफेत गाणाऱ्या बायका. मित्र त्याला 'पत्रकार नाबी' म्हणत. वर्तमानपत्रांसाठी भराभर चित्रं काढायचा, हातात ती घाई दिसते. पुढे १८९८ मध्ये द्रेफ्यूस प्रकरणात (या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप झाला होता) सगळं फ्रान्स दुभंगलं, तेव्हा द्रेफ्यूसच्या बाजूनं त्यानं 'ल सिफ्ले' नावाचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं.

या पत्रिका ज्या नाटकमंडळीसाठी काढल्या तिचं नाव 'तेआत्र लिब्र'. ही गोष्ट तुम्हाला आवडेल. आंद्रे आंत्वान नावाचा एक माणूस पॅरिसच्या गॅस कंपनीत कारकून होता. नाटकाचं वेड. ३० मार्च १८८७ रोजी त्यानं मोंमार्त्रच्या एका गल्लीतल्या लहानशा सभागृहात पहिला खेळ लावला. नेपथ्याला पैसे नव्हते, तेव्हा आईच्या घरातलं सामान हातगाडीवर घालून आणलं आणि रंगमंचावर मांडलं. वर्गणीदार हवे होते, टपालाला पैसे नव्हते, तर हजारावर निमंत्रणपत्रं स्वतः लिहून रात्री पायी फिरून घरोघर टाकली. (आई, तू म्हणतेस ना आप्पांनी छापखान्यापायी घरातली कपाटंसुद्धा तिकडे नेली? कारकुनांचं आणि छापखानेवाल्यांचं रक्त एकच दिसतं.)

वर्गणीचं कारण नुसतं पैशाचं नव्हतं. त्या काळी फ्रान्समध्ये नाटक लावण्याआधी संहिता सरकारी परीक्षकाकडून पास करून घ्यावी लागे. ती पद्धत १९०६ पर्यंत चालली. पण खेळ तिकीट विकून न करता फक्त सभासदांसाठी केला तर तो खाजगी ठरे आणि परीक्षकाचा हात तिथवर पोचत नसे. त्यामुळे इब्सेन, स्ट्रिंडबर्ग, हाउप्टमान या परदेशी नाटककारांची, म्हणजे जी नाटकं दुसरं कोणी लावायला धजत नव्हतं ती इथं झाली. स्ट्रिंडबर्गचं 'मिस ज्युली' जानेवारी १८९३ मध्ये. सायलेशियातल्या विणकरांच्या बंडावरचं हाउप्टमानचं नाटक त्याच वर्षी मे महिन्यात, आणि तेव्हा बर्लिनच्या पोलिसांनी ते तिकडे अडवून धरलेलं. दोन्ही खेळांच्या पत्रिका इबेल्सच्या.

महिन्याकाठी एक नवा खेळ, तोही एकदोन रात्रींपुरता. म्हणजे ही पत्रिकाही त्या एकदोन रात्रींसाठीच. त्या हंगामाच्या आठ, आणि आठही इबेल्सनंच केल्या. आधीच्या हंगामांत कधी हा चित्रकार, कधी तो, असं चाललं होतं. एका हाताची सबंध मालिका झाली ती हीच.

आता छपाई. तुमचं आयुष्य शिशाच्या खिळ्यांत, म्हणजे टायपांत, आणि पायानं चालवायच्या ट्रेडलवर गेलं, हे काम मात्र शिळाप्रेसचं, पूर्वी आपल्याकडे पोथ्या आणि पंचांगं निघत त्या जातीचं. बव्हेरियातला सोल्नहोफेनचा चुनखडीचा दगड घोटून सपाट करायचा, त्यावर तेलकट खडूनं किंवा शाईनं थेट चित्र काढायचं, मग डिंक आणि किंचित आम्ल लावायचं. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी बसतं, चित्रावर बसत नाही. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्र धरतं. ठसा कोरायचा नाही, खिळा जुळवायचा नाही. चित्रकाराचा हात जसा चालला तसा कागदावर, फक्त उलटा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बरोबर बसणं, हललं की सगळं मातीत, हे तुम्हाला मी काय सांगणार.

इबेल्सकडे रंग थोडे, पण त्यांचं त्यानं काय केलं ते बघायला हवं. सपाट रंगाचे मोठे तुकडे, भोवती जाड रेघ, माणसं कडेला कुठेही कापलेली. १८९० मध्ये पॅरिसमध्ये जपानी ठसाचित्रांचं मोठं प्रदर्शन झालं होतं आणि ही सगळी मुलं ते बघून वेडी झाली होती. जिथं छटा हवी तिथं दात घासायच्या ब्रशाला शाई लावून ती सुरीनं शिंपडायची. ते बारीक ठिपके भिंगाखाली दिसतात. एखादा मोठा थेंब चुकून पडलाय, तोही तसाच ठेवलाय. हेच तंत्र त्याच्याच काळातला चित्रकार तुलूझ-लोत्रेक यानं डोक्यावर घेतलं. १८९३ मध्ये दोघांनी मिळून कॅफेतल्या गाण्याबजावण्यावर एक चित्रसंच काढला, प्रत्येकाची अकरा चित्रं. आज लोत्रेकचं नाव चहाच्या कपावरसुद्धा असतं, इबेल्स मात्र अभ्यासकांपुरता उरलाय. संच समोर ठेवून पाहिला तर अंतर इतकं नाही, असं माझं मत. आमच्या बाईंना ते पटत नाही.

आणि याच सुमारास, १८९४ मध्ये, राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, जो पुढे मळवलीला गेला. यंत्रं जर्मनीची, तंत्र हेच. पण तिकडे एकावर एक दगड छापून तैलचित्राची गुळगुळीत झाक आणायची खटपट होती. इकडे दगडावर काढलंय हे लपवायचंच नव्हतं. मला इकडचं जास्त आवडतं. देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीवर तुमचा जीव आहे, तेव्हा हा वाद समोरासमोर घालू.

मला सगळ्यात गंमत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. तुम्ही नाटकाचं हँडबिल छापायचात तेव्हा त्यावर नायक-नायिकेचा ब्लॉक असायचा, ठळक टायपात नटांची नावं, 'आज रात्री ठीक साडेनऊ वाजता'. गिऱ्हाईक आत आणायचं हे त्याचं काम. या पत्रिकेचं काम ते नव्हतंच. गिऱ्हाईक वर्षाची वर्गणी भरून आधीच आत आलेलं. शिवाय आंत्वान खेळ सुरू झाला की प्रेक्षागारातले दिवे मंद करायचा, तेव्हा ही रूढ गोष्ट नव्हती. म्हणजे खेळ चालू असताना पत्रिका वाचताही येणार नाही. ती बघायची मध्यंतरात, नाहीतर घरी नेऊन. माझ्या मते म्हणूनच चित्रकारांना एवढी मोकळीक मिळाली. नाटक विकायचं नाही, समजावून सांगायचं नाही, मग चित्र नाटकाचंच कशाला हवं?

लोत्रेकनं तर हे टोकाला नेलं. नोव्हेंबर १८९३ मध्ये तेआत्र लिब्रनं ब्यर्नसन या नॉर्वेच्या लेखकाचं दिवाळखोरीवरचं नाटक लावलं. पत्रिकेवर काय, तर केस करून घेणारी एक बाई आणि तिचा केशभूषाकार. व्यापारी नाही, दिवाळं नाही. पुढच्या वर्षी एका नाटकासाठी त्यानं रंगमंच सोडून प्रेक्षागारातला बॉक्सच काढला, खाली सोनेरी मुखवटा आणि वर बसलेले प्रेक्षक. १८९५ च्या 'लार्जां' या नाटकाच्या पत्रिकेवर नवराबायको आहेत, पण पाठमोरे. याआधी १८८९ मध्ये पॉल सिन्याक या चित्रकारानं याच मंडळीसाठी एक छोटं रंगीत चित्र केलं होतं. त्यातही एका प्रेक्षकाचं मागून दिसणारं डोकं, आणि पलीकडे उजळलेला रंगमंच. बघणाऱ्यांचीच चित्रं सगळी. इबेल्सचं त्याहून निराळं: ज्यांना या वर्गणीदारांच्या सभागृहात जागा मिळालीच नसती, ती माणसं तो त्यांच्या हातात देत होता.

तेआत्र लिब्रचं पुढे जे व्हायचं तेच झालं. कर्ज वाढलं, १८९४ मध्ये आंत्वान बाहेर पडला, दुसऱ्यानं ते काही दिवस ओढलं. कागद मात्र टिकले, कारण लोक ते तेव्हाच जमवू लागले होते. संग्राहकांसाठी अक्षरं छापण्याआधीच्या प्रती चांगल्या कागदावर वेगळ्या काढत. १८९७ मध्ये तर अशा चित्रमय पत्रिकांवर एर्नेस्त मँद्रों याचं जाडजूड पुस्तकच निघालं.

आता खास तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. तेआत्र लिब्रच्या जोडीला लुन्ये-पो या नटानं १८९३ मध्ये दुसरी मंडळी काढली, 'तेआत्र द लव्र'. व्युइलारनं तिच्यासाठी इब्सेनच्या नाटकांच्या पत्रिका केल्या, इतक्या धूसर की डोळे ताणून बघाव्या लागतात. या मंडळीनं जानेवारी १८९५ मध्ये कुठलं नाटक लावलं असेल? 'मृच्छकटिक'! आपल्या शूद्रकाचं. व्हिक्तोर बारुकां यानं केलेलं फ्रेंच रूपांतर, आणि पत्रिकेवर लोत्रेकनं काढलेला हत्ती. एका अंकाचं नेपथ्यसुद्धा लोत्रेकनंच रंगवलं होतं. तोवर आपल्या हरिपूरच्या देवलांचं 'संगीत मृच्छकटिक' रंगभूमीवर येऊन काही वर्षं झाली होती. सांगलीत लोक वसंतसेनेची पदं म्हणत होते आणि इकडे ती फ्रेंचमध्ये बोलायला लागली. दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता असेल असं वाटत नाही.

यावरून मुद्द्याचं. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांनी ठेवलेली पदांची पुस्तकं आणि नाटकांच्या जाहिराती आहेत ना? दादा रद्दीचं बोलत होता, त्याला आधी थांबवा. मी दिवाळीत येईन तोवर एवढंच करा. टाचण्या आणि पिना हलक्या हातानं काढा, गंजानं कागद खातात. फाटलंय तिथं सेलोटेप मुळीच लावू नका, काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग काढताना अक्षरंही निघतात. लॅमिनेशन तर नकोच, कोपऱ्यावरचा दुकानदार कितीही म्हणो. घड्या उघडताना जोर करू नका, जिथं कडकड वाजतं तिथं तसंच सोडा. ट्रंक माळ्यावरून खाली, बाहेरच्या भिंतीपासून लांब, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. कसर दिसली तर फवारा मारू नका, आधी मला फोन करा. आणि जमलं तर प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून पाठवा, मागची बाजूसुद्धा. छापखान्याचं नाव बहुधा अगदी तळाला बारीक टायपात असतं, तेवढं नीट दिसू दे.

आईला सांगा, तिखट अजून पुरतंय, मेतकूट संपलं. गुडघ्याचं तेल लावताय ना? उत्तर व्हॉट्सॲपवर नको, पत्रानं द्या, तुमचं अक्षर बघायचंय.

तुमची
मनू