मंत्रीसाहेब, आमचं शिवार म्हणजे शहराचं धरण नव्हे

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

पत्र लिहायला बसलोय तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेत आणि दोनदा अंघोळ करूनसुद्धा अंगाचा नाल्याचा वास काही जाईना. बेळगावच्या शहापूर शिवारात, बळ्ळारी नाल्याच्या काठाला आमचं पावणेदोन एकर भात. परवा संध्याकाळपर्यंत होतं. काल पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर बांधच दिसेना, नुसतं काळं पाणी आणि वर जलपर्णी, प्लास्टिकच्या बाटल्या, कुणाची तरी फाटकी गादी. छातीएवढ्या पाण्यात उभा राहून पायानं चाचपत होतो की आपलं वावर कुठं सुरू होतं.

आपण आमच्याकडं येऊन गेलाय हे आपल्याला आठवत असेल असं धरून चालतो. गेल्या वर्षी श्रावणात आपण आमच्या बांधावर उभं राहून माझ्या आईचा हात हातात घेऊन म्हणाला होता, आज्जी, पुढच्या मृगाआधी नाला साफ झालेला दिसेल. आईचं वय 78, तिला आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही पण ते वाक्य पाठ आहे. काल दुपारी दारात बसून विचारत होती, ते साहेब आले नाहीत काय रे. मी काही बोललो नाही. म्हणून हे पत्र.

या मे महिन्यात एक जेसीबी आला होता हे खरंय. रस्त्यावरून दिसतो तेवढाच तुकडा त्यानं चार दिवस खरवडला, काढलेला गाळ तिथंच काठावर टाकला आणि गेला. वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला तसा तो गाळ परत आत. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, मला एवढंच सांगितलंय. मग एका खात्याच्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले हे आमच्याकडं येत नाही, दुसऱ्यात जा, दुसऱ्यात गेलो तर साहेब मीटिंगला बेंगळूरला. तीन खेपा मारल्या, मजुरी बुडाली, पोचपावतीवरचा शिक्का तेवढा मिळाला.

आम्ही मेच्या अखेरीला धूळवाफेवर पेरलं. जुलैत बुडालं. भात पाण्याला भीत नाही साहेब, शेंडा वर असला तर ते तग धरतं, पण शेंडा बुडून आठ-दहा दिवस गेले की मुळापासून कुजतं आणि हे तर गटाराचं पाणी. मग बाहेरून रोप विकत आणलं, बायका लावून परत लावणी केली, रोप-मजुरी-ट्रॅक्टर धरून 28 हजार गेले, त्यातले 15 हजार बायकोच्या बचत संघाकडून उचललेत, हप्ता दर आठवड्याला. परवा ते पण गेलं.

आता सगळे म्हणायलेत पाऊसच तसा झाला. मी 54 वर्षांचा आहे, याच शिवारात वाढलोय, पाऊस आम्हाला नवा नाही. सह्याद्रीच्या कडेला आहोत आम्ही, कणकुंबी-जांबोटीकडं आभाळ फाटल्यासारखा पडतो तो थोडा कमी होऊन आमच्यावर येतोच. लहानपणी पण नाला भरायचा, काठावर यायचा, दीड दिवसात उतरायचा आणि मागं चांगला गाळ ठेवून जायचा, त्यावर भात निघाल्यावर नुसत्या ओलीवर मसूर यायची. आता पाणी येतं दोन तासात आणि जात नाही आठ दिवस. यातलं पावसामुळं किती आणि माणसामुळं किती, ते तुमच्या इंजिनियरना एकदा विचारा.

मी माझा हिशोब सांगतो, चौथी-पाचवीचं गणित आहे. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते होतं दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. एकराला चाळीस टँकर. भाताच्या वावरात बांध असतो, ते पाणी तिथंच थांबतं, काही मुरतं, बाकीचं सावकाश नाल्याला जातं. त्याच एकरावर प्लॉट पडले, काँक्रीटचे रस्ते झाले, अंगणात पण फरशी बसली की चाळीसच्या चाळीस टँकर एकाच वेळी खाली धावतात. आणि असे किती एकर गेले शहराच्या चारी बाजूंनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत? वडगाव, अनगोळ, मजगाव, जुनी माणसं हात करून दाखवतात, इथं भात होतं, इथं मसूर होती. आमचा बासमती, ज्याचा वास शिजताना चार घरं ओलांडून जायचा, तो आता खात्रीचा मिळवायला ओळख लागते.

पाणी वाढलं आणि नाला बारीक झाला. दोन्ही बाजूंनी भराव, कुणी कंपाऊंड आत घेतलं, कुणी घर पाडल्याचा राडारोडा टाकला, ड्रेनेज सरळ आत सोडलेलं. त्या घाण पाण्यावरच जलपर्णी माजते, ती पुलाखाली अडकते, तिच्यात प्लास्टिक अडकतं आणि आयता बंधारा तयार होतो. त्यात पुढं मोठ्या रस्त्याचा भराव आडवा घातलाय. एवढ्या शिवाराचं पाणी जायला खाली मोऱ्या ठेवल्यात त्या अशा की मी वाकून आत जाऊ शकत नाही. रस्त्याच्या एका बाजूला कमरेभर पाणी तुंबलेलं आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढं, हे काल मी डोळ्यांनी बघितलंय. त्याला पूर म्हणू नका, तो रस्ता आमच्यावर बांधलेलं धरण आहे. शहर कोरडं राहावं म्हणून पाणी आमच्या वावरात साठवायचं, असं कुणी कागदावर लिहिलं नसेल, पण होतंय तेच. धरणात जमीन गेली तर निदान नोटीस येते.

माझा धाकटा भाऊ 2005 मध्ये कुर्ल्याला होता. 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी घरात शिरली, तो रात्रभर दुसऱ्याच्या माळ्यावर बसून होता. नंतर त्या पुराची कारणं शोधायला चितळे समिती बसली, नदी दाबली, भराव घातले, तोंडं अडवली ही सगळी चर्चा झाली. तो गावी आला तेव्हा म्हणाला, दादा, तुमच्या नाल्याचं पण हेच करायलेत. तेव्हा आम्हाला वाटलं, मुंबई कुठं आणि बेळगाव कुठं. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पाणी शिरलं तेव्हा कळलं. आणि मुंबई राहू दे, तुमच्या बेंगळूरात 2022 च्या सप्टेंबरात आयटीवाली पोरं ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला गेली की नाही? तलाव बुजवले, राजकालुवे म्हणजे पावसाचं पाणी नेणारे मोठे नाले दाबले म्हणून. ते सगळ्या देशाच्या टीव्हीवर आलं. आमचं शिवार टीव्हीवर येत नाही, इथं बुडतं ते भात.

भरपाईचं बोलाल तर तेही सांगतो. 2022 च्या केंद्राच्या आपत्ती निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, ते पण 33 टक्क्यांच्या वर नुकसान दाखवलं तर. गुंठ्याला 86 रुपये पडतात. एका बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी तरी निघते का यात? आणि ते मिळवायला पंचनामा पाहिजे, पंचनाम्याला माणूस येतो पाणी उतरल्यावर, तोवर वावरात चिखलाशिवाय काय दिसणार. फॉर्म सगळा कानडीत. माझी पोरगी शाळेत कानडी शिकली म्हणून ती वाचून सांगते, शेजारच्या म्हाताऱ्यानं मात्र समजलं नाही तिथं अंगठा दिला आणि त्याचं नाव यादीत आलंच नाही. कानडीशी माझं भांडण नाही, माझे निम्मे दोस्त कानडी आहेत, त्यांचं पण वावर बुडालंय. पण ज्याचं पीक गेलंय त्याला त्याच्या भाषेत एक कागद देता येत नाही? 1956 पासून आमच्यावरनं दोन राज्यं भांडायलीत, कोर्टात केस आहे, निवडणुकीला दोन्हीकडचे झेंडे येतात. पाण्याचं पण तसंच. सांगली बुडाली की तिकडचे म्हणतात आलमट्टीमुळं, चिकोडी-अथणी बुडाली की इकडचे म्हणतात कोयनेतून सोडलं. आलमट्टीची पाणीपातळी 519 वरनं 524 मीटरवर न्यायची म्हटलं की दोन्हीकडं मोर्चे. धरणांवर बोला की, बोलायलाच पाहिजे, अथणीला पाऊस नसताना कृष्णा घरात येते. पण 2019 च्या पुराचा अभ्यास करायला वडनेरे समिती महाराष्ट्रानंच नेमली होती ना, तिनंसुद्धा नदीकाठच्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं. त्या बोटाकडं मात्र ना इकडचा कोण बघतो ना तिकडचा, कारण प्लॉट पाडणारे दोन्हीकडं आपलेच असतात. आमचा नाला तर कुठल्या धरणाच्या खाली पण नाही. याचा दोष कुणावर घालणार तुम्ही?

आमच्या बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये तुमच्या विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. 2012 ला उद्घाटन झालं तेव्हा आम्ही पण बघायला गेलो होतो, वाटलं सरकार दारात आलं. हलग्याच्या त्या इमारतीपासून बळ्ळारी नाला किती लांब आहे? डिसेंबरात येता तेव्हा नाल्यात पाणी नसतं, तेव्हाच गाळ किती आणि रुंदी किती राहिली ते नीट दिसतं. एकदा त्या दिवसांत या. सर्व्हेचा जुना नकाशा काढायला लावा, नाल्याची मूळ हद्द दगड रोवून दाखवा, आणि त्या हद्दीत माझा बांध येत असेल तर पहिला माझा काढा, मी सही देतो. गाळ काठावर न टाकता लांब न्या आणि काम मार्चमध्ये सुरू करा. रस्त्याखालच्या मोऱ्या फोडून मोठ्या करा. सखल वावरात नवीन लेआऊटला परवानगी देऊ नका, निदान नाला मोकळा होईपर्यंत. एवढंच मागतोय, कर्जमाफी मागितलेली नाही.

आत्ता परत पाऊस सुरू झालाय. सकाळी पाणी आणखी चढलेलं असणार. हस्तापर्यंत वावर मोकळं झालं तर मसूर टाकीन, दोन पायली बी आईनं राखेत घालून ठेवलंय, ते तरी भिजलं नाही. आई परत विचारेल साहेब आले काय म्हणून. तिला काय सांगू, ते तुम्हीच लिहून कळवा, मराठीत.

आपला,
शहापूर शिवारातला एक भात पिकवणारा शेतकरी, बेळगाव