चंदुलाल शहा फक्त सट्ट्याने बुडाले नाहीत

महोदय,

रणजित मूव्हीटोन या मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओचे सरदार चंदुलाल शहा यांचा विषय निघाला की मजकूर ठरलेला असतो: रेसचे घोडे, कापसाचा सट्टा आणि कफल्लक अवस्थेतला शेवट. १९४४ मध्ये सट्ट्यात सव्वा कोट रुपये गेल्याचे सांगतात. फटका जबर होता, यात वाद नाही. पण शेअर बाजारातून आलेला माणूस तोटा भरून काढायला शिकलेला असतो. शहांना ते का जमले नाही?

१९२९ मध्ये अभिनेत्री गोहर यांच्यासोबत दादरला काढलेला हा स्टुडिओ गिरणीसारखा चाले. नट, लेखक, संगीतकार, सुतार, रंगारी सगळे महिन्याच्या पगारावर. एकीकडे गोहर यांचे सामाजिक चित्रपट, दुसरीकडे घोरी-दीक्षितची विनोदी जोडी. वर्षाला पाच-सहा चित्रपट निघत, त्यामुळे पगाराचा बोजा त्यांच्यात विभागला जाई. एक पडला तर दुसरा तारून नेई. अशा व्यवस्थेत कॅमेरा थांबला की पगार मात्र थांबत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात नेमके हेच झाले. कच्च्या (चित्रीकरणासाठीच्या कोऱ्या) फिल्मला परवाना लागू झाला, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली. त्याच वेळी युद्धाच्या कंत्राटांतला रोख पैसा सिनेमात शिरला. स्वतःचा स्टुडिओ नसलेले नवे निर्माते फ्लोअर (चित्रीकरणाची जागा) भाड्याने घेत आणि नटाला चित्रपटागणिक एकरकमी पैसे देत, त्यातले काही हिशेबाबाहेर. मग मोठा नट महिन्याच्या पगारावर कशाला राहील? रणजितने काढलेला सैगलचा ‘तानसेन’ (१९४३) तुफान चालला, पण एका चित्रपटाच्या यशाने बारा महिन्यांचे पगार निघत नाहीत.

पुढे चित्रपट काढायचा तर व्याजाने पैसा उचलायचा, वितरकाकडून हप्त्याने आगाऊ रक्कम घ्यायची, आणि नटाच्या तारखा लांबल्या की व्याज चढत राहायचे. राज कपूर-नर्गिस असूनही रणजितचा ‘पापी’ (१९५३) पडला. सट्ट्याने गंगाजळी संपवली हे खरेच, पण ती पुन्हा भरणारा कारखाना तोवर मोडला होता.

आणखी एक गोष्ट हमखास गाळली जाते. १९५१ मध्ये फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया या चित्रपटधंद्याच्या देशव्यापी संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले ते हेच चंदुलाल शहा. स्वतःचा स्टुडिओ ढासळत असताना ते साऱ्या धंद्याच्या वतीने सरकारशी बोलत होते. १९७५ मध्ये ते गेले. त्यांच्यावरच्या पुढच्या लेखात घोड्यांइतकीच जागा यालाही द्यावी, ही विनंती.

— एक चित्रपट-अभ्यासक