संशोधन संपल्यावर उपचारही संपू नयेत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मानसिक आजारांवरील संशोधनात सहभागी झालेल्या रुग्णांना संशोधनानंतरही उपचार मिळत राहण्याबाबत

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आणि सध्या सोलापूर जिल्ह्यातल्या माझ्या माहेरच्या गावी राहते. माझ्या धाकट्या भावाला वयाच्या २२ व्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. आज तो ४९ वर्षांचा आहे. या काळात देवऋषी झाले, अंगारे-धुपारे झाले, तालुक्याचे डॉक्टर आणि पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञही झाले. तो सगळा इतिहास मी येथे उगाळत बसणार नाही. त्याच्या आजारावर जे संशोधन झाले, त्याबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात एक अभ्यास झाला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला औषधांच्या जोडीला घरी येऊन आधार देणारे माणूस मिळाले तर काय फरक पडतो, हे त्यात तपासायचे होते. संमतीपत्र मराठीत होते आणि सही घेण्यापूर्वी ते भावाला नीट समजावून सांगितले होते, हे मी आवर्जून नोंदवते. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, मंगळवारी, शेजारच्या गावातली बी.ए. झालेली एक मुलगी आमच्याकडे येऊ लागली. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती; या कामापुरते प्रशिक्षण तिला दिलेले होते. ती ओसरीवर बसायची, आईच्या हातचा चहा घ्यायची, भावाशी आधी शेळ्यांविषयी बोलायची आणि मग गोळ्यांविषयी. वयाने निम्मी असूनही तो तिला ताई म्हणायचा. तिने त्याला एक दोनशे पानी वही दिली होती. रात्रीची गोळी घेतली की तारखेपुढे बरोबरची खूण करायची आणि दिवसभरात केलेले एक काम लिहायचे, एवढेच त्याने करायचे होते. सुरुवातीचे काही आठवडे वहीत नुसत्याच खुणा आहेत. मग ‘शेळ्यांना पाला’, ‘दळण आणले’, ‘आईचे पाय चेपले’ असे दिसू लागते. दहाव्या महिन्यात एका तारखेपुढे लिहिले आहे, ‘वरातीत गेलो’. चोवीस वर्षांत तो चार माणसांत गेला नव्हता.

बाराव्या महिन्यात अभ्यासाची मुदत संपली. शेवटची प्रश्नावली भरून घेतली गेली, ताई निरोप घेऊन गेली आणि मंगळवार रिकामे झाले. भाऊ पुढे कितीतरी मंगळवारी पारावर जाऊन एसटीच्या वाटेकडे डोळे लावून बसायचा. वहीतल्या खुणा आणखी सात आठवडे चालल्या आणि थांबल्या. पाच महिन्यांनी त्याला पुन्हा दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या अभ्यासातून काय निष्पन्न झाले, हे आजतागायत आम्हाला कोणी कळवलेले नाही.

त्या संशोधकांनी आम्हाला फसवले असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांचा निधी ठरावीक मुदतीचा होता आणि मुलीची नेमणूकही तेवढ्याच मुदतीची होती. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. अभ्यासाला परवानगी देताना तेराव्या महिन्यात रुग्णाचे काय होणार, हा प्रश्न कोणीच कोणाला विचारला नव्हता.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता मला अभिमान वाटला, कारण जगाने दखल घ्यावी असे संशोधन आपल्या परिसरात झालेले आहे. शेजारच्या गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्याकडचे ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांची थोडी सुधारलेली सोय मिळालेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये झालेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या त्या भागातल्या लोकांनी ‘टेन्शन’ या शब्दाआड दडवलेले दुःख बोलून दाखवायला सुरुवात केली, असा त्या आकड्यांचा अर्थ मी लावते.

स्किझोफ्रेनियासाठी घरी जाऊन आधार देण्याची मोठी चाचणी सातारा, गोवा आणि तामिळनाडू या तीन ठिकाणी झाली. तिच्यात २८२ रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे मिळून फरक माफकच दिसला; ठळक सुधारणा दिसली ती तामिळनाडूच्या ग्रामीण भागात. हे निष्कर्ष मी दोनदा वाचले. जिथे आधी काहीच सोय नसते, तिथे घरी येणारे माणूस सर्वांत जास्त उपयोगी पडते, असे मला त्यातून वाटते आणि आमच्या गावाचा अनुभवही तोच आहे. पण माझे वाटणे चुकीचेही असू शकेल, आणि म्हणूनच आमच्या अभ्यासाचा निष्कर्ष आम्हाला कळायला हवा होता. उपयोग झाला नाही, असे उत्तर आले असते तरी ते आमच्या वर्षभराच्या सहभागातून आलेले उत्तर होते.

महोदय, कायद्यातली एक विसंगती मी आपल्या नजरेस आणू इच्छिते. नव्या औषधांची चाचणी कशी व्हावी, यासाठी २०१९ चे नियम आहेत. चाचणीतल्या औषधाचा रुग्णाला फायदा होत असेल, दुसरा पर्याय नसेल आणि संशोधकाची शिफारस नैतिकता समितीला मान्य असेल, तर चाचणी संपल्यावरही ते औषध विनामूल्य देण्याची तरतूद त्यांत आहे. गोळीच्या बाबतीत आपण इतका विचार केला. मात्र ज्या उपचारात गोळीच्या जागी माणूस असतो, त्याला हे नियम लागू होत नाहीत. माझ्या भावाला मिळालेला उपचार बाटलीत भरता येत नव्हता, तो दर पंधरवड्याला एसटीतून उतरत होता. मानसिक आजारांच्या संशोधनात आज असेच उपचार मोठ्या संख्येने तपासले जात आहेत, त्यामुळे ही त्रुटी लहान मानता येणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ ने संशोधनापूर्वी रुग्णाची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती घेणे बंधनकारक केले आणि कलम १८ ने प्रत्येकाला शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला. संमती दिल्याचा दिवस आणि उपचार थांबल्याचा दिवस, या दोन दिवसांमधल्या माणसाकडे मात्र दोन्ही कलमे एकत्र ठेवून कोणी पाहिलेले दिसत नाही.

यात आणखी एक ऋण आहे, ज्याचा उल्लेख क्वचितच होतो. अशा चाचणीत कोणाला नवा उपचार मिळेल आणि कोणाला नेहमीचाच, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरते. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका मुलाच्या वाट्याला नेहमीचाच उपचार आला. त्याच्या आईने मला विचारले होते, ‘बाई, तुमच्याकडं येती, आमच्याकडं का न्हाई?’ तुलना केल्याशिवाय खरे कळत नाही, हे मी तिला शिक्षिकेच्या सवयीने समजावले आणि तिने ते मानलेही. तिचा मुलगा वर्षभर थांबला म्हणून आमच्या भावाची सुधारणा मोजता आली. उपचार उपयोगी ठरला असेल, तर त्यावर पहिला हक्क त्या मुलाचा आहे.

प्रश्नावलीच्या भाषेविषयीही थोडे लिहिते. आईची मनःस्थिती तपासताना तिला विचारले गेले, ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणांस खिन्न वा आशाहीन वाटले का?’ ती नाही म्हणाली. त्याच दिवशी सकाळी ती मला म्हणाली होती, ‘कशातच जीव लागंना गं, मन उडून गेलंय.’ आईचे ते ‘नाही’ गुण म्हणून नोंदले गेले असणार. पुस्तकी मराठीत आणलेली मोजपट्टी सोलापुरात, मेळघाटात आणि कोकणात तेच मोजते का, हे त्या त्या भागातल्या लोकांबरोबर बसून तपासून घ्यावे लागेल.

आणि मोजण्याचाच विषय निघाला आहे, तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या बारा राज्यांमध्ये महाराष्ट्र नव्हता, याची मला खंत वाटते. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात, हे त्या सर्वेक्षणाने देशाला सांगितले. आमच्या राज्याची गोष्ट आम्ही इतरांच्या आकड्यांवरून अंदाजाने सांगत राहिलो. चेन्नईत १९८१ च्या सुमारास पहिल्यांदाच आजारी पडलेल्या स्किझोफ्रेनियाच्या ९० रुग्णांचा पंचवीस वर्षे माग ठेवला गेला. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ज्या राज्यात आहेत, तिथे दाखल होणाऱ्या रुग्णांचे घरी गेल्यावर दहा-वीस वर्षांत काय होते, याचा असाच मागोवा शासनाने स्वतः घ्यावा. आजार बारा महिन्यांत संपत नाही, तेव्हा त्याचा अभ्यासही बारा महिन्यांत आटोपू नये.

माझी मुख्य मागणी एकच आहे. राज्यातली शासकीय रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे किंवा आशा कार्यकर्त्या यांची मदत घेऊन मानसिक आजारांवर उपचारांची चाचणी करायची असेल, तर तेराव्या महिन्याची लेखी योजना सादर झाल्याशिवाय शासनाने तिला परवानगी देऊ नये. सहभागी कुटुंबांची जबाबदारी कोणाकडे जाईल, त्या माणसाला प्रशिक्षण कोण देईल, उपचार उपयोगी ठरल्यास दुसऱ्या गटाला तो केव्हा मिळेल आणि निष्कर्ष मराठीत, गावात येऊन, किती दिवसांत सांगितले जातील, हे त्या योजनेत असावे. हे काम आशांच्या आधीच वाकलेल्या पाठीवर विनामोबदला टाकू नये, अशीही माझी विनंती आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात त्यासाठी मानधनाची पदे निर्माण करता येतील आणि अभ्यासांमध्ये तयार झालेल्या मुलामुलींना त्यांत प्राधान्य देता येईल. आमच्याकडे येणारी ती मुलगी आज तालुक्याच्या गावी कापड दुकानात काम करते. वर्षभरात तिने जे कौशल्य मिळवले, ते या राज्यात आज कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

भावाच्या वहीतल्या शेवटच्या भरलेल्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. ती पाठवण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली. ‘पाठव,’ तो म्हणाला, ‘आणि ताई कधी येणार ते पण विचार.’

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा