बेदाण्याच्या मळ्यातील शेजाऱ्यांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार. आपल्या भागातील द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या मजुरांपर्यंत हवामानबदलाचे शिक्षण, म्हणजे ऊन आणि पाणी यांविषयीचे त्यांचे हक्क, पोहोचवण्याच्या कामासाठी हे आवाहन आहे.

कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परिसरातील आपली मराठी कुटुंबे ऑगस्टअखेरीस सेल्मा किंवा फाउलरवरून जाताना वेलींच्या दोन ओळींमध्ये जमिनीवर कागद अंथरून वाळत घातलेली द्राक्षे पाहतात, तेव्हा कोणाला ना कोणाला तासगावच्या बेदाण्याची आठवण हमखास होते. ते घड खुडून पसरणारे हात मात्र बहुतांशी मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांचे असतात. त्या दिवसांत पारा 38 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. नाकातोंडाला रुमाल, अंगात दोन-दोन सदरे अशा वेषात बायामाणसे वेलीखाली वाकलेली असतात, आणि मजुरी द्राक्षे पसरलेल्या प्रत्येक कागदामागे ठरलेली असल्यामुळे पाणी प्यायला थांबणे म्हणजे पैसे बुडवणे, असाच त्यांचा हिशेब असतो.

हा हिशेब कायद्याने केव्हाच बदलला आहे. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियाने 2005 सालीच उष्णतेविषयीचे नियम केले. आज त्यांनुसार प्रत्येकाला ताशी सुमारे एक लिटर पाणी, तापमान 80 अंश फॅरनहाइटच्या (सुमारे 27 अंश सेल्सिअस) वर गेले की सावली, आणि अंग तापल्यासारखे वाटताच किमान पाच मिनिटांची विश्रांती मिळाली पाहिजे. नगावर काम करणाऱ्यांनाही विश्रांतीच्या वेळेची वेगळी मजुरी देणे 2016 पासून बंधनकारक आहे. तरीही पहिले नियम होऊन जवळपास तीन वर्षे झाल्यावर, 2008 च्या मे महिन्यात, स्टॉकटनजवळच्या द्राक्षमळ्यात काम करणारी 17 वर्षांची गरोदर मुलगी उष्माघाताने दगावली. नियम कागदावर असणे आणि तो मजुराच्या कानापर्यंत पोहोचणे, यांतले अंतर जिवावर बेतते.

हवामानबदलाचे शिक्षण म्हणजे आमच्या मते या मळ्यांत तरी आधी हेच आहे. येथील लोकांना हवामानाची फिकीर नाही, असे कोणी म्हणाले तर ते आम्हाला मान्य नाही. 2014 च्या दुष्काळात ईस्ट पोर्टरव्हिलमध्ये घरोघरच्या विहिरी आटल्या आणि माणसांना अंघोळीसाठीही टाकीच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागले. त्यांना दुष्काळ म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. त्यांना हवी आहे ती भूजलाचे वाटप ठरवणाऱ्या बैठकांतली जागा. दिवसा, कामाच्या वेळी आणि इंग्रजीत चालणाऱ्या बैठकीला खुडणी सोडून कोण जाणार?

भाषेचा प्रश्न तर आपल्याला वाटतो त्याहून अवघड आहे. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेल्या अनेकांची मातृभाषा मिश्तेक किंवा झापोतेक असून स्पॅनिश ही त्यांची दुसरी भाषा आहे, त्यामुळे केवळ स्पॅनिश पत्रके वाटून भागत नाही. इथे उपयोगी पडतात त्या ‘प्रोमोतोरा’, म्हणजे आपल्याकडच्या आशा सेविकांसारख्या, त्याच वस्तीत राहणाऱ्या, दारोदार जाऊन बोलणाऱ्या बायका.

मंडळाने यंदा अशा प्रोमोतोरांच्या कामाला हातभार लावण्याचे ठरवले आहे. जमलेला निधी त्यांचे मानधन, दुभाष्यांचा खर्च, संध्याकाळच्या सभांमधील जेवण व मुलांना सांभाळण्याची सोय, आणि बैठकांना जाण्यासाठी गाडीभाडे यांवरच खर्च होईल. सभेत बोलतील ते मजूर स्वतः. आपण त्यांच्या वतीने बोलायचे नाही.

मेक्सिकोच्या शेतकऱ्याशी मराठी माणसाचे नाते नवे नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे 1924 मध्ये मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी शिकवले, मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवले. आश्रय शोधत आलेल्या परक्या माणसाला त्या देशाने असे आपले मानले होते.

प्रत्येक कुटुंबाने किमान 51 डॉलर द्यावेत, ही नम्र विनंती. ज्यांना स्पॅनिश येते त्यांनी महिन्यातील दोन संध्याकाळ द्याव्यात, आणि ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे त्यांनी ती द्यावी. स्वयंसेवकांनी कोणाचेही छायाचित्र घेऊ नये आणि कागदपत्रांविषयी चौकशी करू नये, कारण अशा एका प्रश्नाने अख्खी वस्ती सभेला येणे थांबवते. निधी खजिनदारांकडे 31 मेपर्यंत पोहोचल्यास जूनच्या उन्हापूर्वी पहिल्या सभा घेता येतील.

आपली नम्र,
मराठी मंडळाची कार्यकारिणी