पात्यावरची पुसट अक्षरं

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर कुऱ्हाडीचं अर्धवटच सांगून झालं, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे. फोटो वेगळे पाठवलेत, पण त्यांत गंजापलीकडे फारसं काही दिसणार नाही.

जुन्या सामानाच्या एका खोक्यात बिजागऱ्या, तुटके पाने आणि साखळ्यांच्या खाली ते पातं पडलं होतं. दांडा नव्हता. नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, जुन्या लाकडाचा कुजका गाभा आणि एक लोखंडी पाचर तेवढी अडकलेली होती. उचललं तर हाताला भरीव लागलं. घरी वजन केलं तर दीड किलोच्या थोडं वर भरलं. इथे अमेरिकेत झाडं तोडायच्या पूर्ण मापाच्या कुऱ्हाडीचं पातं बहुधा साडेतीन पौंडांचं, म्हणजे १.६ किलोच्या आसपास असतं. तेव्हा हे खेळण्यातलं नाही, कामाचं आहे, एवढं तिथेच कळलं.

आधी घाटावरून, म्हणजे पात्याच्या आकारावरून, ओळखायचा प्रयत्न केला. इथे घाटांची नावं गावांवरून आणि प्रांतांवरून पडली आहेत : जर्सी, मिशिगन, डेटन, कनेक्टिकट. नेढ्याच्या बाजूंना खाली उतरलेले टोकदार कान असले तर जर्सी, तुंब्याचे, म्हणजे धारेमागच्या बोथट बाजूचे, कोपरे गोलावलेले असले तर मिशिगन. पण नुसत्या घाटावरून कारखाना कळत नाही, कारण प्रत्येक मोठा कारखाना गिऱ्हाईक मागेल तो घाट काढून देई. छाप सापडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

आणि छाप गंजाखाली होता. तारेचा ब्रश यंत्राला लावून खरवडलं असतं तर पाच मिनिटांत पातं चकचकीत झालं असतं, पण छापाच्या कडाही झिजल्या असत्या. म्हणून पातं साध्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. रात्रभरात गंज मऊ पडला, काळा चिखल होऊन ब्रशाने निघाला. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं, पुसलं, गरम हवेने वाळवलं आणि तेल लावलं. यात उशीर झाला तर उघडं पडलेलं लोखंड डोळ्यांदेखत तांबूस होतं. मग दिवे मालवून विजेरी अगदी आडवी धरली. समोरून उजेड पाडला की अक्षर दिसत नाही, बाजूने पाडला की सावली धरतं. आधी एक मुकुट दिसला. त्या मुकुटातून वर आलेला एक हात, आणि हातात हातोडा. त्याच्या जवळ ‘लेजिटिमस’ हा शब्द. आबा, मी कितीतरी वेळ ते पातं तसंच धरून बसले होते.

ही कॉलिन्स कंपनीची खूण. १८२६ साली सॅम्युअल आणि डेव्हिड कॉलिन्स या भावांनी त्यांच्या एका नातलगासह कनेक्टिकटमध्ये फार्मिंग्टन नदीच्या काठी कुऱ्हाडी घडवायला सुरुवात केली. त्याआधी कुऱ्हाड लोहाराकडून करून घ्यायची आणि धार ज्याने त्याने काढायची, असा प्रकार होता. यांनी धार लावून, वापरायला तयार अशी कुऱ्हाड विकायला काढली. कारखान्याभोवती वसलेल्या गावाचं नावच कॉलिन्सव्हिल पडलं. माल तिथल्या हार्टफोर्ड शहराच्या नावाने बाहेर जाई, म्हणून कित्येक पात्यांवर हार्टफोर्डचा छाप असतो. पुढे इतक्या नकला निघाल्या की अस्सल माल ओळखू यावा म्हणून हा हात-हातोड्याचा छाप आला. ‘लेजिटिमस’ म्हणजे लॅटिनमध्ये अस्सल, कायदेशीर. १९६६ साली कारखाना बंद झाला. तेव्हा माझं पातं त्याच्या आधीचं असावं.

त्या कारखान्याचं वाचताना एक गोष्ट मनाला लागली. धार काढायला तेव्हा वाळूच्या दगडाची मोठमोठी चाकं असत, आणि घासणाऱ्या कामगारांच्या छातीत त्यांची धूळ साचे. त्यातून माणसं गेली. तिथल्याच एलिशा रूट नावाच्या कारागिराने पातं घासण्याऐवजी तासून काढणारं यंत्र बनवलं. पुढे तो कोल्टच्या बंदुकांच्या कारखान्यात गेला. आईला सांगा, मी कानस चालवतानाही तोंडावर मास्क लावते.

आता तुम्हाला खरं दाखवायचं आहे ते पुढेच. व्हिनेगरमधून काढलेलं पातं नीट पाहिलं तर धारेपासून दोन-अडीच बोटं आत एक रेघ दिसते. रेघेच्या धारेकडच्या बाजूला रंग गडद राखाडी, एकसारखा. तुंब्याकडच्या बाजूला फिकट, आणि त्यात लाकडाच्या रेषांसारख्या बारीक लांबट रेषा. म्हणजे अंग मऊ लोखंडाचं, आणि धारेला पोलाद घालून भट्टीत सांधलेलं. पोलादात कार्बन जास्त, म्हणून आम्लाने ते काळवंडतं. तुम्ही म्हणायचात ना, ‘अंगाला लोखंड, तोंडाला पोलाद’. ते आजवर नुसतं ऐकलं होतं, आता त्यावरून बोट फिरवलं. सांधा इतका साफ आहे की नखाला लागत नाही. पुढच्या काळात अख्खी पाती एकाच पोलादाची होऊ लागली. त्यावरून हे पातं कारखाना बंद पडायच्या बरंच आधीचं.

यामुळे एक मात्र ठरलं, की घासायचं कमीत कमी. पोलाद तेवढंच आहे, ते संपलं की कुऱ्हाड संपली. ग्राइंडर मी हातातही घेतला नाही. पण आधीच्या कुणीतरी घेतला होता. धारेच्या वरच्या कोपऱ्यावर चाकाचे खोल ओरखडे होते. पातं शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून कानस फिरवली, तर सगळ्या धारेवर ती काचेवरून सरकावी तशी घसरत होती, जेमतेम धरत होती. त्या कोपऱ्यात मात्र लोण्यात शिरल्यासारखी शिरली. तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंय. चाकावर पोलाद निळं पडेपर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास तापलं की एवढी पातळ धार मऊ पडते. निळा रंग व्हिनेगरने कधीच नेला असेल, कानसेने मात्र सांगितलं. जुना दांडा काढायला लोक पातं विस्तवात टाकतात, त्यानेही हेच होतं. मी नेढ्यातलं लाकूड ड्रिलने पोखरून, ठोकून काढलं.

मऊ भाग तीन-चार मिलिमीटर आत गेला आहे. तो पुरा काढायचा तर अख्खी धार तेवढी मागे न्यावी लागली असती. माझा जीव झाला नाही. मी तेवढा कोपराच गोल करून घेतला आणि बाकी धार होती तिथेच ठेवली. तुम्ही शिकवलंत तसं, ढकलताना दाब, मागे घेताना उचल. कानसेला खडू चोळला की लोखंडाचा चुरा दातांत बसत नाही. शेवटी दगडावर पाजवली. तुंब्याचं तोंडही घणाचे घाव खाऊन थोडं पसरलं होतं, त्याच्या कडा काढल्या, कारण तसल्या कडांचे तुकडे डोळ्यात उडतात. नेढ्याच्या भिंतीला तडा नाही, हे सगळ्यात आधी पाहिलं होतं. तडा असता तर ते पातं भिंतीवर टांगण्यापुरतंच उरलं असतं. अंगावरचा काळा रंग तसाच ठेवला आहे.

दांडा हिकरी नावाच्या इथल्या चिवट लाकडाचा घेतला. शेवटाकडून पाहिलं तर रेषा धारेच्या दिशेनेच जाव्यात असा निवडून. नेढ्यात बसेपर्यंत लाकडाच्या कानसेने कमी करत गेले, एकूण सात-आठ वेळा घालून काढला. मग जे झालं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. कुऱ्हाड उलटी, पातं खाली लोंबतं ठेवून हातात अधांतरी धरायची आणि दांड्याच्या वरच्या टोकावर मोगरीने ठोकायचं. खाली काही टेकू नाही, तरी प्रत्येक ठोक्याला पातं दांड्यावर वर चढतं! पातं जड, ते जागचं हलत नाही, दांडाच त्यातून खाली सरकतो. घट्ट बसल्यावर लाकडी पाचर मारली आणि उरलेलं टोक करवतीने कापलं.

आता दांडा जवसाचं तेल पितो आहे. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या नाहीत, बाहेर पसरून वाळवल्या. ते तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेटतात.

लाकूड अजून फोडलेलं नाही. त्या कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो सोबत आहे. चष्मा लावून नीट बघा, आणि कोपरा गोल केला ते बरोबर केलं, की सगळी धारच मागे घ्यायला हवी होती, ते सांगा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी ती वापरणार नाही.

आईला नमस्कार.

तुमची लेक