तळाच्या फलंदाजांनी किती दिवस तारायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रणजी मोसम जवळ आला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यापासून विरार लोकलच्या डब्यापर्यंत मुंबईच्या संघात कोणाला खेळवायचे आणि कोणाला बसवायचे यावर वाद झडू लागतात. ४२ वेळा करंडक जिंकलेल्या संघाच्या चाहत्यांचा तो हक्कच आहे. मात्र अलीकडे हा वाद दोनच मागण्यांपाशी येऊन थांबतो. पहिली, शार्दूल ठाकूरला फलंदाजीत वर पाठवा; आणि दुसरी, धावा होत नसलेल्या अनुभवी फलंदाजाला डच्चू द्या. दोन्हींमागची तळमळ मला समजते, पण दुखणे वेगळ्याच ठिकाणी आहे असे मला वाटते.

शार्दूलबद्दलच्या मागणीला कारण आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर तमिळनाडूला १४६ धावांत गुंडाळल्यावर मुंबईची स्वतःची अवस्था ७ बाद १०६ झाली होती. तिथून शार्दूलने नवव्या क्रमांकावर येऊन १०९ धावा काढल्या, तनुष कोटियन ८९ धावांवर नाबाद राहिला आणि तो उपांत्य सामना मुंबईने एक डाव व ७० धावांनी जिंकला. वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ६ बाद १११ वरून २२४ पर्यंत मजल गेली, तीही शार्दूलच्याच ७५ धावांच्या बळावर. उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या जोडीने शतके ठोकली. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असे त्यापूर्वी एकदाच, १९४६ मध्ये ओव्हलवर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्या हातून घडले होते. (ही शतकेही 'संघाला वाचवले' या खात्यात जमा करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्या वेळी नऊ गडी बाद झाले असले तरी मुंबईकडे एकूण ३७० हून अधिक धावांची आघाडी होती. मजा आली, पण संघ संकटात नव्हता.)

तरीही आठव्या-नवव्या क्रमांकावर निघालेल्या धावा पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकावर तशाच निघतील, हा हिशेब मला पटत नाही. तळाचा फलंदाज येतो तेव्हा बहुधा चेंडूची शिवण दबलेली असते, नवा चेंडू हाताळणारे दोघेही गोलंदाज थकलेले असतात आणि कर्णधार शेवटचे गडी लवकर उरकण्याच्या नादात क्षेत्ररक्षण विस्कळीत करून बसतो. शार्दूल हा मुळात गोलंदाज आहे. दिवसभरात पंधरा-वीस षटके टाकून आलेल्या माणसाला पुन्हा मधल्या फळीचा भार उचलायला लावणे म्हणजे वरच्यांची जबाबदारी त्याच्या गळ्यात घालणे होय. हे खरे की जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध तो मैदानात उतरला तेव्हा वरची फळी इतक्या झटपट कोसळली होती की चेंडू अजून नवाच होता, आणि तरीही त्याने पहिल्या डावात ५१ व दुसऱ्या डावात ११९ धावा केल्या. पण त्या सामन्याचे पुढे काय झाले? पहिल्या डावात १२०, दुसऱ्यात ७ बाद १०१ वरून २९०, आणि शेवटी पाच गडी राखून पराभव. त्यानंतर महिन्याभरात नागपूरला उपांत्य सामन्यात विदर्भाच्या पार्थ रेखडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केले. दुसऱ्या डावात शार्दूलने ६६ धावा काढूनही मुंबई ८० धावांनी हरली. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो, हे ध्यानात घेतले तर वरच्या पाच फलंदाजांचे अपयश किती महाग पडते ते वेगळे सांगायला नको.

आता धावा आटलेल्या फलंदाजांविषयी. २०२३-२४ च्या मोसमात रहाणेची बॅट जवळजवळ मुकीच होती आणि त्याला वगळा असे म्हणणारे कमी नव्हते. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याने मुशीर खानला साथ देत ७३ धावा केल्या आणि ती चर्चा थांबली. पण आता हेच उदाहरण प्रत्येक अपयशी ज्येष्ठ खेळाडूच्या बचावासाठी पुढे केले जाते, ते योग्य नाही. केवळ आकड्यांकडे न पाहता फलंदाज बाद कसा होतो हे निवड समितीने पाहावे. हिवाळ्यातल्या सकाळी खेळपट्टीत ओल असताना पुढचा पाय टाकून ठेवायचा, हात मात्र शरीरापासून दूर नेऊन चेंडूवर ढकलायचे आणि दुसऱ्या स्लिपच्या हाती झेल द्यायचा, असे कोणी सलग तीन डावांत करत असेल तर ते दुर्दैव नव्हे. मुंबईत पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर वाढलेल्या जुन्या फलंदाजांचा हात असा पुढे जात नसे, कारण तिथे चेंडू उसळेल की बसेल याचा भरवसाच नसायचा. चांगला चेंडू पडून बाद होणाऱ्याला जरूर वेळ द्यावा; तीच चूक वारंवार करणाऱ्याला नाव कितीही मोठे असले तरी बाहेर बसवावे.

सर्वांत खटकणारी गोष्ट याहून वेगळी आहे. जम्मू-काश्मीरविरुद्धच्या त्या सामन्यासाठी रोहित शर्मा आणि यशस्वी जयस्वाल उपलब्ध झाले, म्हणून सलामीवीर आयुष म्हात्रेला संघाबाहेर बसावे लागले. त्याच मोसमात या सतरा वर्षांच्या मुलाने महाराष्ट्राविरुद्ध १७६ आणि सेनादलाविरुद्ध ११६ धावा केल्या होत्या. रोहित जवळजवळ दहा वर्षांनी रणजी खेळत होता, त्याला पाहायला गर्दी झाली आणि आम्हा प्रेक्षकांनाही आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. भारतीय संघातील खेळाडूंनी देशांतर्गत सामने खेळावेत हे नियामक मंडळाचे धोरणही योग्यच आहे. पण त्याची किंमत फॉर्मात असलेल्या खेळाडूनेच का मोजावी? आयुष नंतर संघात परतला, मात्र त्या मोसमात त्याच्या बॅटमधून पुन्हा मोठी खेळी निघाली नाही. एका सामन्याच्या विश्रांतीमुळेच असे झाले असा माझा दावा नाही. तरी दोन शतके करूनही जागा पक्की नसते हा निरोप त्या वयात पोहोचणे बरे नव्हे.

यावर उपाय फार अवघड नाही. भारतीय संघातील खेळाडू किती सामने उपलब्ध आहेत हे मुंबई क्रिकेट संघटनेने संघ जाहीर करतानाच स्पष्ट करावे आणि एकाच सामन्यासाठी येणार असलेल्याने मधल्या फळीत मिळेल त्या क्रमांकावर खेळण्याची तयारी ठेवावी. त्या मोसमात शतक केलेल्या सलामीवीराला पुढचे किमान तीन सामने हलवू नये. शार्दूलला आठव्याच क्रमांकावर राहू द्यावे आणि सहाव्या क्रमांकासाठी गोलंदाजीचा विचार न करता अस्सल फलंदाज निवडावा.

आपला,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, दादर